नव्वदची रेघ

कुलगुरूंच्या दालनाबाहेरचा सोफा माणसाला त्याची पायरी दाखवायलाच आणलेला असावा. बसलं की माणूस आत रुततो, गुडघे हनुवटीशी येतात आणि समोर टेबलामागे बसलेला स्वीय सहायक एकदम साहेब वाटायला लागतो. वजनबाई त्यावर बसलीच नाही. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन एकदा रुतलं की उठवायला दोन माणसं लागली असती, आणि या इमारतीत कुणाचा हात धरायची तिची इच्छा नव्हती.

"विषय काय लिहू?" सहायकाने विचारलं. पोरगेलासा होता, केस चापून बसवलेले, पेन पुढे करून तयार.

"पाळी," वजनबाई म्हणाली.

त्याचं पेन हवेतच राहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. बायकांच्या आजारांवर जिने नाव कमावलं, त्या बाईच्या दाराशी बसून पगार घेतो आणि एका शब्दाने घाम फुटतो! शेवटी त्याने 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि वजनबाईकडे न बघता म्हणाला, "मॅडम बैठकीत आहेत. वेळ लागेल."

"लागू दे. मी तीस वर्षं थांबलेय."

हे ती रागाने बोलली, पण खोटं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मॅडम नुसती डॉक्टरीण होती आणि वजनबाई नुकतीच लागलेली तंत्रज्ञ. डॉक्टरणीला एक साधा प्रश्न पडला होता. पाळीत बाईच्या अंगावरून किती गेलं म्हणजे ते जास्त म्हणायचं? कुणालाच माहीत नव्हतं. विभागातले थोर थोर पुरुष म्हणत, बायका वाढवून सांगतात. डॉक्टरीण म्हणाली, मग सांगण्यावर कशाला जायचं, तोलून बघू. नवीन पॅडांचं वजन आधी करून ठेवायचं, ती बाईला द्यायची, वापरलेली बंद पिशवीत परत आणायची, पुन्हा तोलायची आणि आधीचं वजन वजा करायचं. उरेल तेवढं रक्त. इतकं सरळ काम. पण जागा मागायला गेली तर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. तिला 'चिंध्यांची डॉक्टर' म्हणू लागले. अखेर मिळालं ते तळघर, इस्पितळाच्या धुलाईखोलीला लागून. पलीकडे दिवसभर चादरी उकळायच्या आणि अलीकडे भिंतींना घाम यायचा.

त्या दिवसांतली डॉक्टरीण मात्र खरंच वेगळी होती, हे वजनबाई आजही नाकारत नव्हती. पिशव्या स्वतः उचलायची. बायकांशी बोलताना बाकावर त्यांच्या शेजारी बसायची. एखादी म्हणाली की "चालायचंच, बाईच्या जातीला हे असायचंच," तर डॉक्टरीण भडकायची. "अंगावर काढू नका," म्हणायची. "दुखणं अंगावर काढायचं नसतं." सहाशे बायका, प्रत्येकीच्या तीन पाळ्या, एकेका पाळीला वीसेक पॅड. छत्तीस हजार वजनं एकट्या वजनबाईने केली. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

त्यातून आकडा निघाला नव्वद. नव्वद ग्रॅमच्या वर ज्यांचं गेलं, त्यांचं रक्त कमी होतं. खाली ज्यांचं गेलं, त्या ठणठणीत. निबंध छापायला गेला आणि डॉक्टरणीचं नशीब उघडलं.

निबंध छापखान्यात असतानाच एका सकाळी वजनबाईच्या हातात तळघरातल्या फळीवरचं एक कोरं पॅड होतं. सहज म्हणून तिने ते काट्यावर ठेवलं. साडेतेरा. कोऱ्या पॅडचं वजन सगळीकडे बारा धरलेलं होतं, कारण पहिल्या दिवशी वरच्या कोरड्या खोलीत खोकी फोडून तेवढं आलं होतं. तिने आणखी दहा तोलली. सगळी साडेतेराच्या आसपास. धुलाईखोलीची वाफ फळीवरच्या कापसात शिरत होती. एका पॅडमागे दीड ग्रॅम पाणी, वीस पॅडांमागे तीस. म्हणजे ज्याला नव्वद म्हणत होते ते रक्त साठच होतं. वरचे तीस नुसती भिंतींची ओल.

तिने वहीत अकरा वजनं लिहिली आणि धावत वर गेली. डॉक्टरणीने वाचलं, मग पानाखाली 'पाहिले' असं लिहून सही केली. "छापून येऊ दे," म्हणाली. "आत्ता मागे घेतलं तर हे लोक मला आयुष्यभर हसतील. पुढच्या फेरीत दुरुस्त करू."

त्याच महिन्यात वजनबाईची नोकरी कायम झाली. तोवर दर सहा महिन्यांनी टांगती तलवार होती. दोन्ही गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे तिने कधी विचारलं नाही. मूग गिळून बसली. आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागायचं. मॅडमला शिव्या घालताना ती स्वतःला त्यातून वगळत नसे.

पुढची फेरी काही आली नाही. डॉक्टरीण विभागप्रमुख झाली, तेव्हा म्हणाली, जरा बस्तान बसू दे. अधिष्ठाता झाली, तेव्हा म्हणाली, आता माझ्या हाताखाली दोनशे माणसं आहेत, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. मग वजनबाईने विचारणं सोडलं आणि मॅडमने तळघरात उतरणं. ज्यांनी नाकाला रुमाल लावले होते, तेच आता तिच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू लागले. आणि तिला ते आवडू लागलं! वजनबाईला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्या तोंडावर थुंकायचं, त्यांच्याच हातून शाल घ्यायची आणि वर मान लववून आभार मानायचे. भाषणात मॅडम दर वेळी सांगायची, "मी बायकांचं ऐकलं." टाळ्या. पुन्हा टाळ्या. शेवटी कुलगुरू झाली. दालनाबाहेरच्या भिंतीवर तिचे चौदा फोटो होते. वजनबाईने उभ्या उभ्या मोजले. एकातही तळघर नव्हतं.

तिकडे नव्वदची रेघ गावोगावच्या दवाखान्यांत पक्की झाली. तिथे पॅड कोरड्या, बंद पाकिटातून देतात, म्हणजे त्यांचं वजन बरोबर. चुकीची होती ती फक्त रेघ. नव्वदच्या वर गेलं तर मोठ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी मिळते, तपासण्या होतात, उपचार होतो. आत राहिलं तर लोहाच्या गोळ्यांची पुडी आणि "सगळं नॉर्मल आहे हो."

वजनबाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. आई गेल्यापासून मावशीकडेच राहायची. गेलं दीड वर्ष तिच्या अंगावरून इतकं जात होतं की चेहऱ्याचा पार कागद झाला होता. दोनदा दवाखान्याने तोलून घेतलं. पहिल्यांदा एक्क्याऐंशी, दुसऱ्यांदा चौऱ्याऐंशी. दोन्ही वेळा पुडी देऊन घरी पाठवली. मागच्या मंगळवारी ती मशीनवर उभ्या उभ्या कोसळली. पातं तिच्या मनगटापासून चार बोटांवर होतं. मुकादम म्हणाला, पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नकोस.

काल रात्री पोर अंथरुणावर पडून म्हणाली होती, "मावशी, मीच नाटकं करते की काय गं? ते तर नॉर्मल म्हणतात."

त्या वाक्याने वजनबाईची झोप उडाली, आणि सकाळी ती वही पिशवीत घालून इथे आली.

आतून बोलावणं आलं तेव्हा पाऊण तास झाला होता. दालन एवढं मोठं की दारापासून टेबलापर्यंत जाताना माणसाने आपण कशाला आलो ते विसरावं. मॅडम उठून सामोरी आली. केस पांढरे आणि सुंदर कापलेले, अंगाला मंद अत्तराचा वास.

"अहो, वजनबाई! किती वर्षांनी! बसा, बसा. कॉफी घेणार ना? तुम्ही तर माझ्या घरच्यासारख्या."

घरच्यासारखी! घर कुठे आहे हे गेल्या वीस वर्षांत हिने विचारलं नव्हतं. "कॉफी नको," वजनबाई म्हणाली, आणि भाचीची सगळी हकिकत सांगितली. एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी, मशीन, पातं. मग वही काढून ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

मॅडमने वहीला हात लावला नाही. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. तेव्हा वजनबाईच्या लक्षात आलं, हिला वाचायची गरजच नाही. हिला पाठ आहे. तीस वर्षांत एक दिवस ही विसरलेली नाही.

"तुम्हाला आठवतंय," वजनबाई म्हणाली.

"मी पुढच्या फेरीत करणारच होते."

"कुठली फेरी, मॅडम? आता मसणातली?"

मॅडमने डोळे मिटले. क्षणभर वाटलं, ती जुनी डॉक्टरीण वर येतेय, बाकावर शेजारी बसणारी. पण डोळे उघडले तेव्हा समोर कुलगुरूच होती.

"तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही ते. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या मुदतीचा निर्णय आहे. या विद्यापीठात मी बायकांसाठी किती काय काय केलंय, ते सगळं..."

"माझी पोर मशीनवर पडली."

"ऐका तर. ही वही घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता. मी अडवणार नाही. पण मग काय होईल? चौकशी बसेल. समिती, उपसमिती, बाहेरचे तज्ज्ञ. मी माझी बाजू मांडणार, ते त्यांची. दोन वर्षं, कदाचित तीन. आणि निकाल लागेपर्यंत कुठलाही दवाखाना आकडा बदलणार नाही. भिजत घोंगडं पडेल नुसतं."

यात धमकी होती, पण खोटं काही नव्हतं. समित्या म्हणजे नुसते चहाचे कप भरणं आणि उचलणं, हे वजनबाईने आयुष्यभर पाहिलं होतं.

"दुसरा मार्ग आहे," मॅडम हळूच म्हणाली. "साधी तांत्रिक चूक असेल तर दुरुस्तीला समिती लागत नाही. निबंध माझा, मी स्वतः पत्रक काढू शकते. साठचा आकडा लगेच लागू होईल. पण चूक कुणाची, ते लिहावं लागतं."

"लिहा की. तुमची."

मॅडमने मान वळवली. खिडकीबाहेर माळी गवत कापत होता, तिकडे बघत राहिली. वजनबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिला राग आला नाही, किळस आली. बूट काढताना खाली बघावं आणि काहीतरी चिकटलेलं दिसावं, तशी.

"म्हणजे माझी," ती म्हणाली.

"'वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याने कोऱ्या पॅडचं वजन वेळोवेळी तपासलं नाही.' एवढंच. नाव घालणार नाही. तुम्ही निवृत्त आहात, पेन्शनला धक्का लागणार नाही, ते मी बघते. फक्त कबुलीवर सही लागेल. आणि..." मॅडमने पहिल्यांदा वहीकडे नजर टाकली. "ही इथे राहील."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यात निदान चोर ओरडतो तरी. ही तर गोड आवाजात, कॉफी विचारून बोलत होती. वजनबाईच्या जिभेवर दहा शब्द आले, दहाही सभ्य नव्हते. छत्तीस हजार वजनं! ताप असताना, आई आजारी असताना, एकदा हाताला प्लास्टर असताना केलेली. एकही चुकलं नव्हतं. चूक होती ती सापडली, तीही तिलाच. आयुष्यात तिच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखं ते एकच पान होतं, आणि हिला नेमकं तेच हवं होतं.

पण दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला आणि तो जास्त बोचरा होता. पान खरं होतं तर इतकी वर्षं ते कपाटात का होतं? नव्वदच्या आत किती बायका घरी पाठवल्या असतील? त्यातल्या एकीलाही मावशी नव्हती का? स्वतःची पोर कोसळली तेव्हाच आपल्याला त्या चुकीची आठवण झाली. वजनबाईला त्या दालनात दोन बायकांची चीड आली, आणि त्यातली एक टेबलाच्या अलीकडे होती.

"पत्रक आज निघालं पाहिजे," ती म्हणाली.

"सोमवारी..."

"आज. माझ्यासमोर. सगळ्या दवाखान्यांना. मी उभी राहते. सगळ्यांना गेलं की सही करते आणि वही ठेवते. आधी नाही."

मॅडमने तिच्याकडे बघितलं आणि घंटी वाजवली. सहायक आला. मजकूर सांगताना मॅडमचा आवाज एकदाही अडखळला नाही; भाषणांची सवय कामी आली. सहायकाला दोन ठिकाणी शब्द लिहिताना लाज वाटली, त्याला वजनबाईने अक्षर न अक्षर सांगितलं. मग ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली आणि दोनशे अकरा दवाखान्यांची यादी शेवटपर्यंत जाताना बघितली. दोन पत्ते परत आले, ते तिने त्याला फोन करून नीट करून घ्यायला लावले. सगळं होईस्तोवर दुपार झाली. मग तिने चष्मा लावला, कबुली पूर्ण वाचली, सही केली आणि वही टेबलावर सरकवली.

मॅडम दारापर्यंत आली. "तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"विसराल," वजनबाई म्हणाली. "पाठ असलेलं विसरण्यात तुमचा हातखंडा आहे."

त्यानंतर काय झालं ते सगळ्या जगाने बघितलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की तीस वर्षांपूर्वीची, तीही हाताखालच्या माणसाची चूक स्वतःहून शोधून जगासमोर ठेवायला मोठं मन लागतं. कुणीतरी अग्रलेखात 'धैर्य' हा शब्द पाच वेळा वापरला. दुसरी मुदत बिनविरोध मिळाली. पहिल्या रांगेतल्या पुरुषांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. भाषणात एक वाक्य वाढलं होतं: "चुकांनाही ऐकावं लागतं." निर्लज्जपणाला एवढी छान वाक्यं कुठून सुचतात, देव जाणे. भाचीने बातमी वाचून पेपर चुरगळला. मावशीने तो सरळ करून त्यात भाजी निवडली.

दहा दिवसांनी दोघी दवाखान्यात गेल्या. तपासणीची खोली लहान, एक पडदा, एक पलंग, कोपऱ्यात काटा. तरुण डॉक्टर हसतमुख होता, नवीन पत्रक त्याच्या समोरच्या फळ्यावर टाचलेलं होतं. त्याने भाचीचे जुने कागद चाळले.

"तुमचं नशीब बघा," तो तिला समजावत म्हणाला, "आधी तुम्ही नॉर्मलमध्ये होता. आता आकडा बदललाय. कुणी एक बाई होती म्हणे तळघरात वजनं करायला. कोरं पॅड किती भरतं ते तपासायचंच विसरली, आणि तीस वर्षं सगळे तिच्यामुळे फसले. कामात लक्ष नसतं हो या लोकांचं. मॅडमच्या नजरेस आलं म्हणून बरं, नाहीतर अजून किती बायका..."

"अहो डॉक्टर, ती बाई म्हणजे..." भाची ताडकन पुढे सरकली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. डॉक्टर दोघींकडे आळीपाळीने बघू लागला.

"ओळखता का तुम्ही तिला?" त्याने विचारलं.

"ओळखते," वजनबाई म्हणाली. "बोलायच्या वेळी गप्प बसली होती ती. पोरीचं चौऱ्याऐंशी आलंय, साठच्या वर आहे. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहा."